चार नंबरची खुर्ची

वर्ल्ड कपचा उपांत्य सामना संपला त्या दुपारी आमच्या सान हासिंतो गावच्या क्लबात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर आमची अर्जेंटिनाची पोरं एकमेकांच्या अंगावर लोळत होती, पण तिकडे बघतंय कोण? सगळ्यांचे डोळे आइस्क्रीमच्या फ्रीजरकडे. डॉन रेमिहियोंनी बर्फात पुरलेला बिस्किटांचा डबा बाहेर काढला.

"हात लावू नका कुणी! आत भविष्य आहे, गोठवलेलं. गरम हात लागला की पाणी होतं त्याचं!"

डब्यावरची चिकटपट्टी त्यांनी फाडली. ती सामन्याआधी सगळ्यांदेखत लावलेली, वर क्लबाचा अध्यक्ष कासिमिरो न्हावी याची सही. डॉन रेमिहियोंनी आतली चिठ्ठी दोन्ही हातांत धरून छातीशी नेली, डोळे मिटले, ओठ पुटपुटले आणि मग खणखणीत आवाजात वाचली, "अर्जेंटिना तीन, ते एक!"

चिठ्ठीत समोरच्या संघाचं नाव कधी नसायचं, नुसतं 'ते'. अगदी तसंच झालं होतं. सलग सहाव्यांदा. चिठ्ठी हातोहात फिरली, बायका रडल्या, कासिमिरोनं तर त्यांच्या हाताचे मुके घेतले.

हे रेमिहियो म्हणजे फ्रीज दुरुस्त करत गावोगाव फिरणारे गृहस्थ, वर्ल्ड कपपुरते आमच्या गावात मुक्कामाला; 'डॉन' आम्ही मानानं म्हणायचो. डब्याबरोबर त्यांनी एक नियमही दिला होता. पहिल्या सामन्याला जो ज्या खुर्चीत बसला, तो फायनलपर्यंत त्याच खुर्चीत, त्याच कपड्यांत. सामना संपल्याची शिटी होईपर्यंत बूड हलवायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. आमच्या लोकांना हे सांगायलाच नको. समोरचा गोलकीपर गोठावा म्हणून त्याचं नाव कागदावर लिहून फ्रीजरमध्ये कोंबलं नाही असं एक घर दाखवा मला इथे! पहिल्या सामन्याला मी दवाखान्यात ड्यूटीवर होते, त्यामुळे मी पनवती ठरले. सामना चालू असताना मला क्लबात बंदी, शिटीनंतर या.

फायनलच्या तीन दिवस आधी रेमिहियो सुजलेला अंगठा घेऊन माझ्याकडे आले. मी चिमट्यानं नखाखालून पेन्सिलच्या शिशाचा बारीक तुकडा काढला.

"हे कुठून शिरलं?"

"सुतारकाम करत होतो, नेलिदाबाई."

"सुतारकाम? तुम्ही तर भिंतीत खिळा मारायलाही शेजाऱ्याला बोलावता!"

ते बळेच हसले आणि निघून गेले. मी संध्याकाळी क्लबात जाऊन भिंतीवर डकवलेल्या सहाही चिठ्ठ्या नीट पाहिल्या. 'अर्जेंटिना' आणि 'ते' ही अक्षरं शाईची, फ्रीजरच्या ओलीनं पार फुटलेली. आकडे मात्र पेन्सिलीचे, कोरडे ठणठणीत, जणू आत्ता लिहिलेत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठी डब्यात जायची ती नुसती ती अक्षरं लिहून. डोळे मिटून पुटपुटताना अंगठ्याच्या नखात बसवलेलं शिसं आकडे लिहीत असायचं. निकाल तर तोवर अख्ख्या जगाला कळलेला!

मी तडक एवारिस्तोदादाकडे गेले. माझा थोरला भाऊ, ट्रकचा मेकॅनिक, अठ्ठावन्न वर्षांचा. क्लबात चार नंबरची खुर्ची त्याची. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माते नावाच्या आमच्या कडू चहाचा घोट नळीनं ओढला.

"हुशार आहेस तू, नेली. फायनल होऊ दे, मग सांग सगळ्यांना."

"म्हणजे तू हे मानतोस?"

"मानत नाही गं. पण उगाच कशाला?"

आणि मी गप्प बसले. लाज वाटते, पण खरं तेच सांगते. आपण हरलो तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल, ही भीती मलाही होती.

फायनलच्या दिवशी मी क्लबाच्या खिडकीबाहेर उभी होते. सत्तर मिनिटं झाली होती, एक-एक अशी बरोबरी. माझी नजर सहज दादाकडे गेली. चेहरा राखेसारखा, कपाळावरून घाम निथळतोय, उजवा हात डावा दंड चोळतोय. तीस वर्षं नर्सचं काम केलंय मी. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी दार बडवलं. आतून कडी.

"आत्ता नाही, नेली!" कासिमिरो ओरडला. "वीस मिनिटं थांब!"

"अरे, त्याला हार्ट अटॅक येतोय!"

"आम्हा सगळ्यांनाच येतोय!"

आत हशा पिकला. मी मागच्या बाजूनं, सॉसेज भाजणाऱ्या बाईला ढकलून स्वयंपाकघरातून आत घुसले.

"दादा, ऊठ. आत्ताच्या आत्ता."

त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. "शिटी होऊ दे, नेली. थोडंच राहिलंय."

मी त्याच्या काखेत हात घातला, तर शेजारच्या दोघांनी बसल्या जागेवरून त्याचे खांदे दाबून धरले. दाबणारे त्याचे जिवलग मित्र होते हो! मी फ्रीजर उघडला, डबा काढला आणि पट्टी टराटरा फाडली.

"बघा! डोळे फाडून बघा! 'अर्जेंटिना', पुढे कोरं. 'ते', पुढे कोरं! भविष्य लिहिलंय ना? कुठे आहे?"

 एकच कल्ला उठला. "डबा फोडला! पनवती! हिला बाहेर काढा!" कुणीतरी ग्लास फेकला. कोऱ्या चिठ्ठीचं कुणाला काहीच वाटलं नाही. एकट्या दादाचे डोळे तिच्यावर खिळले होते. लहान मुलानं आईला विचारावं तसं त्यानं मला विचारलं, "मग... मी उठू का?"

त्याला उचलायला कुणीही जागचं हललं नाही. उठले ते फक्त डॉन रेमिहियो. "माझी गाडी मागच्या दाराशी आहे," ते म्हणाले. त्या साठ माणसांत खुर्चीवर विश्वास नसलेला तेवढा एकच होता.

मी मागे बसले, दादाचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ते ओस. रेमिहियो गाडी पळवत होते आणि रडत होते. "लोकांकडून कोंबडी मिळायची, वाहवा मिळायची. मला वाटलं, गंमत आहे. छातीत दुखायला लागल्यावर माणूस उठेलच की, नेलिदाबाई! असा बसून राहील हे कुणाच्या स्वप्नात येईल?"

इस्पितळ पुलापलीकडे. आम्ही पुलावर चढलो आणि गाव गरजलं. गोल. आणि पाठोपाठ शिटी. दारं फटाफटा उघडली, माणसांचा लोंढा पुलावर आला. रेमिहियोंनी हॉर्न दाबला, तर शंभर हॉर्न आनंदानं उलट वाजले. त्यांनी हॉर्नवरचा हात उचलला नाही, लोकही थांबले नाहीत. पोरं टपावर चढून नाचली. मी काच खाली करून घसा फाडून ओरडले, "पेशंट आहे! वाट द्या!" कुणीतरी माझा मुका घेतला आणि झेंडा आत टाकला. तो दादाच्या अंगावर पडला.

"कोण?" दादानं विचारलं.

"आपण," मी म्हणाले.

तो पूल ओलांडायला चाळीस मिनिटं लागली. पलीकडे पोचलो तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

आता चार नंबरच्या खुर्चीवर फोटो आहे, पुढे मेणबत्त्या. "पण तो तर शिटीआधी उठला होता," मी म्हटलं. कासिमिरो म्हणाला, "त्याची टोपी खुर्चीवर राहिली होती ना!" घ्या! रेमिहियोंनी चर्चसमोरच्या चौकात उभं राहून नखातलं शिसं दाखवलं, सगळ्यांसमोर आकडे लिहून दाखवले, मी ठग आहे म्हणून सांगितलं. लोकांनी त्यांची पाठ थोपटली. "किती साधा माणूस! मोठेपणा नको म्हणतो." ते गाव सोडून गेले. आता मी काय करू, सांगा.

दादाची बायको, दोरावहिनी, परवा म्हणाली, "निदान कप तरी आणून दिला गं त्यानं."

या खेपेला मी गप्प बसले नाही. "नाही, वहिनी. तो पहिल्या कळेला उठला असता, तरी तो गोल झालाच असता. कप आलाच असता. आणि दादाही घरी आला असता."

तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. तिला दोष कसा देऊ?

पण तुमच्यासमोर तरी बोलते. मैदानात अकरा जण धावतात, त्यांचे पाय गोल करतात. हजारो कोसांवर तुम्ही कुठे बसलात, काय घातलंत, याची चेंडूला खबरही नसते. चमत्कार दाखवणाऱ्याला निकाल लागायच्या आधी डबा उघडायला लावा. आणि छातीत कळ आली तर उठा. सामना चालू असला तरी उठा. शेजारचा उठू बघत असेल, तर त्याच्या खांद्यावरचा हात काढा.