सहा नंबरची जागा

बेकार खेळाडूंच्या शिबिरात जर्सीवर क्लबचं चिन्ह नसतं. छातीवर जिथे ते असायला हवं तिथे नुसतं कापड असतं, आणि घाम आला की ते आधी तिथेच अंगाला चिकटतं. ज्यांचा करार संपला आणि पुढचा मिळाला नाही असे आम्ही वीस-बावीस जण त्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या मैदानांवर जमलो होतो. सकाळी धावायचो, संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या हौशी संघांशी खेळायचो, आणि कठड्यापलीकडची अनोळखी माणसं आपल्याकडे बघतात की नाही, हे न बघितल्यासारखं करून बघत राहायचो.

मी गोलरक्षक, वय चौतीस. माझ्या खोलीत टॉर्बेन विटकोव्स्की होता. मधल्या फळीतला, पण बचावाच्या अगदी पुढे उभा राहणारा. त्या जागेला आम्ही सहा नंबर म्हणतो. सतराव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या अकादमीने त्याच्यावर आशा ठेवली होती. पुढे दुसऱ्या श्रेणीत एक हंगाम, मग गुडघा, मग तिसरी श्रेणी, चौथी, आणि शेवटी दिवाळखोरीत निघालेला एक क्लब. उतरणाऱ्याला पायऱ्या शोधाव्या लागत नाहीत. त्या आपण होऊन पायांखाली येतात.

त्याच्या सासऱ्यांचा घरोघरी हीटिंग बसवण्याचा व्यवसाय होता. सप्टेंबरपासून शिकाऊ म्हणून ये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

“आज संध्याकाळपर्यंत कळव म्हणालेत,” शुक्रवारी दुपारी टॉर्बेन म्हणाला. “नाहीतर दुसऱ्या कोणाला घेतील. बरोबरच आहे त्यांचं. हिवाळा काही माझ्यासाठी थांबणार नाही.”

“आणि शिकाऊंची शाळा?”

“आठवड्यातून दोन दिवस. दाढी न फुटलेल्या पोरांच्या बाकावर.” तो हसला. “निदान तिथे तरी कोणी मला म्हातारा झालास म्हणून परत पाठवणार नाही.”

त्या संध्याकाळच्या सामन्याआधी आमचा कोच क्रोल त्याच्यापाशी येऊन थांबला. “तिकडे पूर्वेला लाउझित्सहून एक माणूस आलाय. चौथ्या श्रेणीतला क्लब आहे, पगार बरा देतात. त्यांना सहा नंबर हवाय. कळलं ना?”

“कळलं, कोच.”

“आजोबा, भांग पाडून घ्या,” यानिक नावाचा आमचा आघाडीचा खेळाडू म्हणाला. सगळे हसले, टॉर्बेनही. त्याचे हात मात्र बुटाची एकच नाडी सोडत आणि बांधत होते.

मैदानात मला नेहमी टॉर्बेनची पाठ दिसे. तो फारसा पळत नसे. समोरच्याच्या पायातून पास निघण्याआधी तो त्या पासच्या वाटेवर पोचलेला असे, आणि तो तिथे आहे हे पाहून समोरचा पास देतच नसे. न घडलेल्या गोष्टींचं एक शांत शेत त्याच्याभोवती पसरत जाई. कठड्याला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, “ए बेकार! भत्ता वेळेवर मिळतो ना?”

“मिळतो, काका,” टॉर्बेन वळून न बघता म्हणाला. “तुम्ही कर भरत राहा.”

पहिल्या अर्ध्यात माझ्या हातात एकदाच चेंडू आला, तोही आमच्याच बचावपटूने डोक्याने मागे दिलेला. लाउझित्सचा पाहुणा बाकावर बसून पावात घातलेला खिम्याचा वडा खात होता. दुसऱ्या हातात फोन होता, आणि तो फोन वाचत होता.

मध्यंतरात क्रोल त्याच्याकडे जाऊन आला. जरा घुटमळला. “विचारतोय, सहा नंबर कुठला.”

यानिक हसू लागला आणि मध्येच थांबला.

मी टॉर्बेनच्या शेजारी बसलो. “जागा सोडू नकोस.”

“जागेवर उभा राहून राहूनच इथवर आलोय रे मी,” तो म्हणाला, आणि उठला.

दुसऱ्या अर्ध्यात तो पुढे गेला. हात उंचावून चेंडू मागू लागला. दुरून मारलेला त्याचा पहिला फटका आडव्या दांड्यावरून मागच्या भाजीच्या वाफ्यांत गेला. दुसरा त्याहून उंच. कठड्यावरून टाळ्या पडल्या, तसल्या टाळ्या. इकडे माझ्यापुढे त्याच्या नसण्याचा आकार उघडा पडला होता आणि त्यातून त्या गावची पोरं एकामागून एक आत येत होती. एक चेंडू मी बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, एक गुडघ्याने अडवला, एकदा धावत येणाऱ्याच्या पायांवरच झेपावलो. एक गोल झाला. त्याला इलाज नव्हता. मान वळवली तेव्हा पाहुणा माझ्या गोलमागे उभा होता, फोन खिशात ठेवून. मग मी आणखी चांगला झेपावलो. शरीराला लाज नसते. ते बोलावणं ओळखतं.

शेवटी शेवटी टॉर्बेन दमला आणि कोणी न सांगता आपल्या जागेवर परत आला. क्षणात सगळं निवलं. पण तोवर पाहुणा क्रोलशी बोलायला निघून गेला होता.

सामन्यानंतर पाहुण्याने मला एका वर्षाचा करार देऊ केला.

“तुम्ही सहा नंबर बघायला आला होतात,” मी म्हणालो.

“आलो होतो. मिळाला नाही.”

“विटकोव्स्की होता ना.”

“तो उंच? तो तर जागेवर टिकतच नाही हो. तुम्हालाच भोगावं लागलं की सगळं.”

“पहिल्या अर्ध्यात बघायला हवं होतं त्याला.”

पाहुण्याने मनापासून आठवून पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. “पहिल्या अर्ध्यात,” तो म्हणाला, “काही घडलंच नाही.”

मी कराराला हो म्हणालो. मलाही घर आहे.

खोलीत टॉर्बेन पलंगाच्या कडेला बसला होता. “क्रोल बोलला. अभिनंदन. झकास खेळलास.”

“तू पुढे गेलास म्हणून.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. आवाजात कडवटपणा असता तर मला ऐकणं सोपं गेलं असतं. मग त्याने सासऱ्यांना फोन लावला, स्पीकर चालू करून शेजारी ठेवला आणि पायातले मोजे काढू लागला.

“एग्बर्ट, मी येतो.”

सामन्याचं काय झालं, हे सासऱ्यांनी विचारलं नाही. तेवढी माया त्यांच्यात होती. “बरं झालं. बुटाचा नंबर सांग तुझा. कामाचे बूट मागवून ठेवतो.”

“साडेबेचाळीस.”

“अर्ध्या नंबरात येत नाहीत ते. पुढे लोखंड असतं ना. त्रेचाळीस मागवू?”

“सैल होतील. मी नेहमी घट्टच घातलेत. चेंडू पायाला कळावा लागतो.”

“मग जाड मोजे घाल,” एग्बर्ट समजुतीने म्हणाले. “इथे पायाला काही कळलं नाही तरी चालतं.”

“बरं,” टॉर्बेन म्हणाला. “त्रेचाळीस.”