दोन थापा

रंगून, १८८९. दुःशासन पडला तो उठलाच नाही. टाळ्या मात्र थांबेनात.

बिटाच्या रसाची पिशवी, सदऱ्याच्या आत चिकटपट्टीनं बांधलेली.

कोपर गावच्या हॉलमधली फाटकी गादी. कापूस बाहेर आलेला.

पत्रातली एक ओळ: 'गोविंदाने खूण दिली नाही.'

सुदेशनं मयूरला त्याच गादीवर आपटलं. धप्पकन आवाज झाला.

"थांबा," निशा म्हणाली. नाटक तिनंच लिहिलं होतं, बसवतही तीच होती. "सुदेश, सगळ्यांची नजर मयूरवरच जातेय. तू दिसतच नाहीस."

सुदेश घाम पुसत राहिला. तो दौलतचं काम करत होता, स्वतःच्या खापरपणजोबांचं. कलकत्ता, रंगून, कोलंबो असं हिंडणाऱ्या नाटकमंडळीत दौलत भीम व्हायचा आणि गोविंदा दुःशासन. भीमानं छातीवर बसून गळा दाबायचा, रक्ताची पिशवी फोडायची. खालच्याचा दम कोंडला, तर त्यानं जमिनीवर दोन थापा मारायच्या. मंडळीचा नियमच होता तो. त्या रात्री थापा पडल्या नाहीत आणि गोविंदा मेला.

घरातल्या चार पिढ्या त्या एका ओळीवर मान ताठ ठेवून जगल्या होत्या. सुदेशनं दौलतचं ते पत्र निशाला दिलं ते एकाच अटीवर: शेवटी तो अपघातच दिसला पाहिजे.

"परत," निशा म्हणाली.

गोविंदाचं काम करणारा मयूर कोपर गावचाच, शेतावर पोसलेला गडी. उताणा पडून हसला.

"काय रे, माराला आलास का गुदगुल्या कराला? तुझा म्हातारा पण असाच होता वाटतं!"

बघायला आलेले चारजण खिदळले.

सुदेशनं झेप घेतली. मयूरचं डोकं गादीबाहेर फरशीवर आदळलं. सुदेश छातीवर बसला, गळ्याला मिठी घातल्यासारखे दोन्ही पंजे आवळले. पिशवी फुटली. लाल रस त्याच्या मनगटांवरून मयूरच्या हनुवटीपर्यंत उडाला. मयूरचे डोळे बाहेर आले. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुदेशनं आणखी जोर लावला. कुठेतरी खाली मयूरची बोटं कापूस उपसत होती. काय अभिनय करतो लेकाचा, असं सुदेशच्या मनात आलं.

"सुदेश! सोड! अरे, सोड त्याला!"

दोघांनी काखेत हात घालून त्याला मागे ओढलं. मयूर कुशीवर वळून ओकला. त्याच्या श्वासाला करवतीसारखा आवाज येत होता.

"वेड लागलंय का तुला?" निशा ओरडली.

"त्यानं खूण दिली नाही," सुदेश म्हणाला.

मयूरनं सावकाश दोन्ही हात वर केले. कोपरांच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला, दोन लालभडक वळ होते. गुडघ्याएवढे.

सुदेशनं स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. पँटला दोन्हीकडे कापूस चिकटला होता. तो झटकायला त्यानं हात नेला आणि तसाच मागे घेतला. मग मयूरजवळ बसून पाण्याची बाटली उघडली. मयूरनं ती घेतली नाही.

"शेवट काय ठेवू?" वही उचलून निशानं विचारलं.

"पत्र आहे तसं वाच. शब्द बदलू नकोस." सुदेश म्हणाला. "फक्त त्याआधी गोविंदाच्या हातांवर दौलतचे गुडघे दाखव."

पत्राच्या घडीत जपून ठेवलेल्या, रंगूनच्या त्या खेळाच्या जाहिरातीत गोविंदाचं नाव पहिल्यांदाच दौलतच्या वर छापलं होतं.