पहिल्या मेखेचा मान

गोदावरीवर खाली बंधारा झाला आणि काठपिंपरीच्या लोकांना काही कळायच्या आत पाणी दाराशी येऊन बसलं. शहागडजवळ हायवे सोडून आत वळलं की हे गाव. पूर्वी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. आता बारा महिने पुरुषभर पाणी, आणि गावाची निम्मी जमीन पलीकडं. पुलावरून जायचं तर भलामोठा वळसा, म्हणून ज्याचं रान पलीकडं त्यानं शहागडच्या वेल्डरकडून पत्र्याची होडी करून घेतली. त्या वेल्डरनं जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केलेल्या. त्याच्या होड्याही ट्रॉल्यांसारख्याच दिसायच्या, फक्त चाकं नव्हती.

गावातली पहिली होडी रामकिसनची. घाटाच्या पायऱ्यांना लागून त्यानं आपल्या हातानं लोखंडी मेख ठोकली आणि होडी तिला बांधली. त्याला कारण होतं. त्याची बायको उषाबाई, तिचे गुडघे गेले होते. शेवटच्या पायरीवरून पाय उचलला की थेट होडीत, एवढं तिला जमायचं. चिखलातून जमायचं नाही. पलीकडं तिचा कापूस होता, तूर होती, बांधावर तिनं लावलेली सीताफळं होती, आणि यातलं काहीही रामकिसनच्या भरवशावर सोडायची तिची तयारी नव्हती. भोकरदनला दिलेली लेक शिवकन्या फोनवर रोज म्हणायची, "आई, बस झालं आता, घरी बस." उषाबाई म्हणायची, "बसलेल्या माणसाला उचलायला चार जण लागतात." आणि होडीत जाऊन बसायची.

हळूहळू बाकीच्यांच्या होड्या झाल्या आणि भानगडी सुरू झाल्या. एके दिवशी भारतची कडब्यानं भरलेली होडी आणि वसंताची खताच्या गोण्यांची होडी भर नदीत समोरासमोर धडकल्या. एवढं मोठं पाणी, त्यात दोनच होड्या, तरी धडकल्या. आपण हॉर्न दिला होता, असं नंतर दोघंही शपथेवर सांगत होते.

मग ग्रामसभा बसली. सरपंच रूपाली. शिकलेली, कमी बोलणारी, आणि एकदा ठरलं की ठरलं म्हणणारी बाई. तिनं पाण्याचे नियम करायला घेतले. पाण्यावर डाव्या अंगानं चालायचं, कारण रस्त्यावर तसंच चालतात. भरलेल्या होडीला रिकामीनं वाट द्यायची, कारण बैलगाडीचं तसंच असतं. एकानं आपली गंजकी होडी आणून टाकली होती आणि तिच्यावर बायका गोधड्या वाळवायच्या, म्हणून आणखी एक नियम झाला. जी होडी दोन आठवडी बाजारांच्या मधी पलीकडं जाऊन येणार नाही, तिची मेख जाणार. शिवाय मालक आत बसलेला पाहिजे, नुसती ढकललेली चालणार नाही. सगळ्यांनी हात वर केले.

मग प्रश्न आला, कुणाची होडी कुठं बांधायची. इथं सभेचं गाडं रुतलं. पायऱ्यांजवळची मेख सगळ्यांनाच हवी होती. आवाज चढले, कुणाचे आजोबा निघाले, कुणाच्या म्हशी निघाल्या. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "पोळ्याला बैल कसे उभे करतो आपण? तसंच करा ना!"

हे सगळ्यांना एकदम पटलं. पोळ्याचा क्रम हा गावातला एकच कायदा असा होता, की त्याच्यावरून कोर्टकचेऱ्या होऊन, डोकी फुटून, टाके पडून सगळं आधीच उरकलेलं होतं. नवीन फोडायला काही शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात तातेराव उठला. "पोळ्यात आमचा नंबर कुठं असतो, ते मला माह्या आज्यापासून माहीत हाये," तो म्हणाला. "मी माही होडी वरच्या अंगाला बाभळीला बांधून राह्यलो. तिथंच बांधीन." इतिवृत्तात लिहिलं गेलं, तातेराव यांची हरकत नाही.

पोळ्याच्या क्रमानं पहिला मान राधेश्याम पाटलाचा. म्हणून पायऱ्यांजवळची पहिली मेख, रामकिसननं ठोकलेली, त्यांची. त्यांच्याकडं होडीच नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पलीकडं त्यांची हातभर जमीन नव्हती. लहानपणी विहिरीत पडल्यापासून त्यांनी पाण्याचा धसका घेतला होता. नदीकडं तोंड करून ते ओट्यावरसुद्धा बसत नसत. आणि शेवटची मेख रामकिसनची. बैल विकून त्याला लई वर्षं झालेली. पोळ्याला तो मातीचे बैल ताटात घेऊन सगळ्यांच्या मागं उभा राहायचा, तर होडीही सगळ्यांच्या मागं.

शेवटची मेख म्हणजे नाल्याच्या तोंडाशी, निव्वळ गाळ. पहिल्याच दिवशी उषाबाई गुडघ्यापर्यंत रुतली आणि चिखलात मटकन बसली. दोघी बायांनी तिला उपसून काढलं. ती तेव्हा हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज न्हाई येत." तिसऱ्या दिवसापासून तेही म्हणेना.

आणि ती गोड बोलायला लागली. जी बाई कापसाच्या एकेका बोंडावरून नवऱ्याची सालपटं काढायची, ती आता विचारायची, "भाजी बरी झाली का? दमले असाल, टेका जरा." रामकिसनचा सगळा संसार शिव्या खात झालेला, आणि आता हे असलं बोलणं! घरात कुणी वारल्यासारखं त्याला वाटायचं. त्यात तिनं शिवकन्येला फोन करून सांगितलं, की दसरा झाला की मी भोकरदनला येते, कायमची. पिशवीत दोन लुगडीही भरून ठेवली. ती तिकडं गेली की परत यायची नाही, हे रामकिसनला चांगलं माहीत होतं. लेकीच्या घरी खिडकीशी बसून ती वाळून जाईल, आणि आपण इकडं.

तो रूपालीकडं गेला. ती म्हणाली, "काका, एकाला सूट दिली तर पोळ्याचं भांडण पाण्यावर येईल. मान राधेश्यामकाकांचा हाये. त्यांना विचारा."

तो पाटलाच्या ओट्यावर गेला. रामराम झाला. चहा झाला.

"पाटील, तुमची मेख रिकामी हाये," रामकिसन म्हणाला. "माही होडी तिला बांधू द्या. उषाला चिखलातून चालवत न्हाई."

पाटील कप ठेवून ताठ बसले. "रिकामी हाये? माझी मेख? साऱ्या गावासमोर?"

"तुमच्याकडं होडी न्हाई ना, पाटील."

"मंग उद्या पोळ्याला माझा बैल आजारी पडला, तर तू तिथं तुझी शेळी आणून बांधशील?"

"तसं न्हाई, पण..."

"जा तू. बघतो मी."

रामकिसनला वाटलं, पाटलांना दया आली. कसली दया! आठवड्याच्या आत ट्रॅक्टरवर नवी कोरी होडी आली. पिवळा रंग, टोकाला लाल गोंडे, आत अंथरायला बैलाची भरजरी झूल. पाटलीणबाईंनी पायरीवर उभं राहून होडीला ओवाळलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास तिच्या टोकाला लावला. होडीनं तो खाल्ला नाही. मग ती पहिल्या मेखेला बांधली आणि पाटील घाटाकडं पाठ करून घरी गेले. रामकिसन म्हणाला, "झालं! रिकामी होती तवर आस तरी होती."

होडी तशीच उभी राहिली. एक बाजार गेला. दुसरा जवळ आला, तशी रूपाली पाटलांच्या ओट्यावर आली.

"काका, तुमची होडी हलली न्हाई. उद्या बाजार हाये. मेख जाईल."

"गड्याला सांगतो, आणील फिरवून."

"मालक आत पाहिजे."

"हा नियम कोन्या शहाण्यानं केला?"

"तुम्ही बी हात वर केल्ता, काका."

"आणि मेख गेली तर कुणाला जाती?"

"पोळ्यात तुमच्यामागं कोण असतं?"

पोळ्यात मागं असायचा रामप्रसाद, पाटलांचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्याशी मानावरून कोर्टात गेलेलं हे घर. पाटलांचा चेहरा उतरला. रूपाली गेल्याबरोबर त्यांनी रामकिसनला बोलावणं धाडलं.

"तुला वल्हवता येतं. मला पलीकडं ने आणि आण. जल्दी."

"नेतो. पण उषा बी बसंल."

"बसू दे, बसू दे," पाटील म्हणाले. पाण्यात जेवढी जास्त माणसं तेवढं त्यांना बरंच वाटत होतं.

रामकिसन पळत घरी आला. पण उषाबाईनं ऐकलं आणि मान हलवली. "त्यांच्या मानाच्या होडीत मी उपकारानं बसू? बिलकुल न्हाई. तुम्ही जा. आणि उन्हात डोक्याला बांधून जा." हे शेवटचं गोड वाक्य ऐकून त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव घाटावर. रामप्रसाद खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं टाकून एका बाजूला उभा, मेख सुटली की बांधायला तयार. गाव लोटलं म्हटल्यावर उषाबाईही काठी टेकत आली आणि वरच्या पायरीवर बसली. पाहायला काय उपकार लागतात?

पाटील शेवटच्या पायरीवर आले. त्यांनी एक पाय होडीत ठेवला. होडी जराशी डुलली. त्यांनी पाय मागं घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मग ते तिथंच पायरीवर खाली बसले. तोंड पांढरंफटक, फेट्याखालून घाम. रामप्रसादनं दोराचं वेटोळं खांद्यावरून खाली घेतलं.

"रामकिसन," पाटील हळूच म्हणाले, "मला न्हाई जमत रे."

रामकिसननं त्या दोराकडं बघितलं. मेख रामप्रसादकडं गेली की संपलंच. ज्या मानासाठी तो कोर्टात गेला, ती मेख तो दुसऱ्याला देणार नव्हता.

वरून काठीचा आवाज आला. उषाबाई एकेक पायरी आडवी होऊन उतरत होती. एका पायरीवर थांबून तिनं गुडघा दाबला, तोंड वाकडं केलं, पुन्हा उतरली.

"सरका जरा," ती पाटलांना म्हणाली. शेवटच्या पायरीवरून तिनं पाय उचलला तो थेट होडीत, आणि झुलीवर बसून हात पुढं केला. "द्या हात. पाण्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा. मला बी इथून पडायचं भ्या वाटतं, पण पडले न्हाई अजून."

पाटलांनी हात दिला. होडीत येऊन बसले ते तिचं मनगट दोन्ही हातांनी धरूनच. अख्ख्या गावासमोर पाटलानं रामकिसनच्या बायकोचं मनगट धरलेलं! भारतनं हसायला तोंड उघडलं. उषाबाईनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

रामकिसननं डाव्या अंगानं होडी नेली. मधोमध आल्यावर पाटलांनी विचारलं, "किती खोल असंल?" उषाबाई म्हणाली, "कशाला इचारता? तुम्हाला कुठं जायचंय तिथं?"

पलीकडं काठाला मुरूम होता. ती उतरली आणि मागं न बघता रानाकडं चालू लागली. पाटील होडीतच.

"उषाबाई, परत कवा?"

"सांजच्याला."

"तवर मी?"

"तवर उतरा आणि खुरपं धरा. मानकऱ्याच्या हाताला काय मुंग्या येतात का?"

पाटील उतरले. जमिनीला पाय लागल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. खुरपं उलटं धरून ते रामकिसनशेजारी बसले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "मी काय म्हणतो, होडी रोज हलली तर मान आणखी पक्का होतो, न्हाई का?"

"बराबर," रामकिसन म्हणाला. "रोजच हलली पाहिजे."

तेवढ्यात तुरीच्या ओळीतून आवाज फुटला. "अवो! ही तूर हाये का गवत, ते तरी सांगा! इतके दिवस काय डोळे मिटून खुरपत होते? आणि ह्या कापसाचं काय केलं, मुडदा बशिवला त्याचा! एक काम धड न्हाई! मी मेल्यावर काय दगडं पेरणार इथं?"

रामकिसन उठला आणि बांधाच्या आड जाऊन उभा राहिला. धोतराच्या सोग्यानं त्यानं डोळे पुसले, तरी ते थांबेनात.

"बहिरे झाले का?" तिकडून ओरडणं आलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ऐकून राह्यलो. तू बोल."