एकोणतीस तारखेची जखम

मी एक जुनी अपघात-नोंदवही आहे, मित्रांनो, आणि स्वभावानं भारी काळजीखोर आहे. असणारच. जिच्यात आयुष्यभर कुणाचं बोट, कुणाचा गुडघा, कुणाचा डोळा हेच लिहिलं गेलं, तिला हसू कुठून येणार?

छापखान्यात माझी पानं आखली गेली, बांधणाऱ्यानं लाल कापडी पाठ दिली आणि मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात आले. सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात माझी जागा होती. त्याचं अक्षर मोत्यासारखं. तपासणीला आलेले साहेब मला चाळून म्हणायचे, "वही असावी तर अशी." मी फुशारून जायचे.

भिंतीवर एक फळा होता. अपघाताविना किती दिवस गेले, त्याचा आकडा रोज त्यावर चढायचा. शंभर भरले की सगळ्यांना अर्धा दिवस भरपगारी सुट्टी. महिन्याच्या एकोणतीस तारखेला सत्त्याण्णव लिहिलेले होते, आणि त्याच दिवशी एका ताईचा उजवा हात पुठ्ठा दाबणाऱ्या यंत्रात सापडला. तीन बोटं चेचली. सुपरवायझर धावत आला, मला खणातून काढलं, पेन उघडलं आणि फळ्याकडे पाहिलं. ताईनंही पाहिलं.

"राहू द्या दादा," ती म्हणाली. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. माझ्यापायी सगळ्यांची सुट्टी कशाला बुडवायची?"

त्यानं पेन मिटलं. लिहा, लिहा म्हणून मी पानं फडफडवली, पण वहीचं कोण ऐकतंय?

तिनं फडकं गुंडाळून डाव्या हातानं काम रेटलं. एक तारखेला शंभर भरले, सुट्टी झाली. दोन तारखेला हात सुजून टम्म झाला, तेव्हा कुठे सुपरवायझरनं माझ्यात लिहिलं: अपघात आज झाला. तेही मोत्यासारख्या अक्षरात.

इथंच सगळा घोळ झाला. कारखान्याच्या मालकांनी एक तारखेपासून कामगारांच्या विम्याची कंपनी बदलली होती. माझ्यातली तारीख बघून नव्या कंपनीनं पहिल्या ऑपरेशनचा खर्च भरला. मग तिच्या माणसानं डॉक्टरांचा कागद नीट वाचला, तर जखम चार दिवसांची. नवी कंपनी म्हणाली, अपघात आमच्या काळातला नाही, जुन्या कंपनीनं आमचे पैसे परत करावेत. जुनी म्हणाली, वहीत दोन तारीख आहे, छदामही मिळणार नाही. या ओढाताणीत ताईचं दुसरं ऑपरेशन दोघींनीही अडवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिन्यांत झालं नाही तर बोटं कायमची आखडतील.

प्रकरण सुनावणीला गेलं आणि पुरावा म्हणून मला तिथल्या कार्यालयात नेऊन ठेवलं. ताई दर तारखेला सासूबरोबर यायची. तिच्या कपड्यांची बटणं आता सासू लावायची. "सासूकडून सेवा करून घेणारी मी पहिलीच सून," असं ती शिपायाला हसून सांगायची. मग बाकावर बसून डाव्या हातानं ती तीन बोटं उघडून बघायची. दर वेळी ती थोडी कमीच उघडायची. दोन्ही कंपन्यांचे वकील माझंच पान उघडून भांडत होते आणि खोटं तर माझ्याच पोटात होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सुपरवायझरला नोकरीची भीती होती. तो खाली मान घालून बसायचा. तीन महिने उलटून गेल्यावर ताई त्याच्यापाशी गेली. "दादा, तेव्हा मीच नको म्हणाले. आता मीच म्हणते, खरं सांगून टाका."

चौथ्या महिन्यात त्यानं उभं राहून सांगितलं. सुनावणी घेणाऱ्या बाई दोन्ही वकिलांना म्हणाल्या, "भांडण तुमचं, हात तिचा. आधी ऑपरेशन करायचं, मग भांडायचं, एवढंही सुचलं नाही?" जुन्या कंपनीनं नव्या कंपनीचे पैसे द्यावेत आणि ऑपरेशनचा खर्चही लगेच करावा, असा हुकूम झाला. सुपरवायझरची नोकरी गेली. नव्या कंपनीला पैसे व्याजासकट परत मिळाले. ताईची दोन बोटं उघडली. मधलं उघडलं नाही.

आता मी अडगळीच्या खोलीत वाळवीला भीत पडून आहे. मला जपा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. एवढंच सांगते, कुणाला लागलं तर त्याच दिवशी लिहा. आणि ज्याला लागलंय तोच "राहू द्या" म्हणाला, तर त्याचं मुळीच ऐकू नका.