बचनागाचं मडकं

माझा एक विषारी बाण गवतात राहून गेला आणि शेजाऱ्याच्या गायीच्या खुरात रुतला. गाय मेली. प्रार्थनाघरात वडीलधारे जमले. आमच्या सालवीन नदीच्या खोऱ्यात त्या वेळी एक रानडुक्कर मक्याची धूळधाण करत होतं.

"अखी," ते म्हणाले, "डुक्कर तुझ्या आडव्या धनुष्याने पडलं तर बचनागाचं मडकं तुझ्याकडे राहील. बंदुकीने पडलं, तर ते फोडायचं."

बचनागाची मुळी शिजवून बाणांचं विष करणारा मी एकटाच उरलो होतो. मडकं गेलं की बापाने शिकवलेलं सगळं गेलं.

सोबतीला फूसादादा आला. रक्ताचा नव्हे, पण माझ्या लग्नात माझा भाऊ म्हणून उभा राहिलेला. त्याच्या खांद्यावर ठासणीची बंदूक.

"तुझं लाकूड टुक करतं," तो हसला, "आणि डुक्कर विचारतं, कोण रे बाबा?"

"तुझी कडाडते आणि चार डोंगर रिकामे होतात."

"मग फास लावू. घरी झोपून शिकार."

"फास आंधळा, दादा. त्याला गाभण हरणी कळत नाही. मला बाण सोडण्याआधी बघावं लागतं."

ठरलं ते एवढंच: आधी माझा बाण, डुक्कर अंगावर आलं तरच बंदूक.

उजाडताना डुक्कर आलं. मी धनुष्याचा हाडाचा घोडा दाबला, बाण सुटला. ते चीत्कारलं आणि उतरणीवर पळालं. विषाला चढू द्यायचं, मागे लागायचं नाही, ही आमची रीत. मी बसून देवाचं नाव घेतलं. फूसादादा म्हणाला, "तू बैस. मी खालून वाट अडवतो."

थोड्या वेळाने बंदूक कडाडली.

मी पोचलो तेव्हा त्याने डुक्कर फाडलंही होतं. "तुझा बाण फांदीला थडकला रे," तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "वाईट वाटतंय मला."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. देवाशप्पथ, ठेवला.

दुपारी वडीलधाऱ्यांनी मडकं फोडून खड्ड्यात पुरलं. प्रार्थनाघराच्या प्रचारकाने शिकारीची कथा गाऊन सांगितली, आम्ही चार आवाजांत धृपद धरलं. फूसादादाचं नाव आलं की मी सर्वांत मोठ्याने गायलो. गाता गाता डोळे भरले. म्हटलं, देवाची इच्छा.

मग प्रार्थनाघराच्या अंगणात मांस कापायला बसलो. डाव्या खांद्यावर मूठभर मांस कोरून काढलेलं होतं. स्वच्छ, गोल. बाण रुततो तिथलं विषारी मांस आम्ही असंच काढतो. गोळीचं भोक वेगळं, कानामागे होतं.

फूसादादा टोपलं न्यायला आला.

"दादा, गोळीला विष असतं का?"

त्याने खांद्याकडे पाहिलं.

"पोरं खाणार होती," तो पुटपुटला. "काढावं लागलं."

"म्हणजे गोळी झाडलीस तेव्हा..."

"आडवंच पडलं होतं." मग एकदम चिडून, "बंदूक घेतल्यापासून मला कुणी शिकारी म्हटलंय का? तूसुद्धा?"

"आत जाऊन सांग, दादा. मी नाही सांगणार. तुझ्या तोंडून येऊ दे."

त्याने मान डोलावली, टोपलं उचललं आणि आत गेला. मी दाराशी उभा राहिलो. सर्वांत म्हाताऱ्या आजोबांसमोर तो वाकला, त्यांच्या ताटात मांस वाढलं.

"पोटभर खा, आजोबा," तो म्हणाला. "बंदुकीचं आहे. विषाची भीती नाही."