मुंगसाच्या केसांचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भिंती रंगवायचा नव्हे, चित्रे काढायचा. लाकडी दांडी, गळ्यात पत्र्याची पट्टी आणि पुढे केस. हे केस मुंगसाचे आहेत. किती मुंगसांचे, ते मलाही ठाऊक नाही, कारण शेपटीचे लांब केस तेवढे कामाचे, आणि एका शेपटीत ते निघून निघून किती निघणार? बाकीचे मुंगूस दिले फेकून. मग ते केस धुतले, विंचरले, दोऱ्याने आवळून पट्टीत बसवले आणि दांडीला छान पॉलिश केले. माणसे पॉलिशवर फार भाळतात.

मुंगूस मारायला आणि त्याच्या केसांचे ब्रश विकायला कायद्याने बंदी, म्हणून दुकानात मला काचेच्या कपाटात जागा नव्हती. मी गल्ल्याखालच्या खणात असायचो. ओळखीचे गिऱ्हाईक आले की दुकानदार हळूच मला बाहेर काढायचा. "ओरिजिनल आहे हो, नायलॉन-बियलॉन नाही!" तिथूनच मला ताईने उचलले. गालावरून फिरवून पाहिले आणि म्हणाली, "अगदी लोण्यासारखा!" झाली चौकशी.

ताई प्राण्यांची चित्रे काढायची. शोभेची नव्हे हं. जाळ्यात गुरफटलेले कासव, प्लास्टिक चघळणारे हरीण, गाडीच्या दिव्यांपुढे थिजलेला बिबट्या. आपण जनावरांचे काय हाल करतो ते लोकांना दिसावे, ही तिची तळमळ. आणि ती खरी होती, उगाच कशाला खोटे बोलू? न्हाणीघरात गोम निघाली तरी ती कागदावर घेऊन बाहेर सोडायची. अंगावरची लव रंगवायचे काम माझे. लोक चित्रापुढे उभे राहून डोळे पुसायचे आणि मी बरणीत उभा राहून मनातल्या मनात धुमसायचो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावर एक मुंगूस गाडीखाली आले. ताईने ते जुन्या टॉवेलात गुंडाळून घरी आणले, वर्तमानपत्रावर ठेवले आणि रडत रडत त्याचे चित्र काढायला घेतले. केसांचा रंग नीट जुळावा म्हणून तिने मला त्याच्या शेपटीला लावून धरले. टोकाला काळपट, मग पिवळसर पट्टा, मग पुन्हा काळपट. त्याचे केस तसे, माझेही तसेच. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मला वाटले, चला, कळले एकदाचे!

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. प्रदर्शनाची सगळी धावपळ तोच करायचा.

"झालं का गं ताई? सकाळी न्यायचंय."

"अरे, हा ब्रश बघ. हे याचेच केस आहेत. मुंगसाचे."

"मग? परत चिकटवणारेस का?" तो हसला. पण तिचा चेहरा पाहून नरमला. "अगं, ते केव्हाच मेलंय. ब्रश टाकलास म्हणून उठून पळणार आहे का ते? उलट तुझ्या चित्रानं चार वाचतील."

ताईने नायलॉनचा ब्रश घेऊन पाहिला. केस खराट्याच्या काड्यांसारखे उमटले. पुसले, पुन्हा काढले, पुन्हा पुसले. शेवटी माझ्याकडे न बघताच तिने मला उचलले. मला इतका संताप आला, मित्रांनो! पण ब्रश कुणाचा हात धरणार?

प्रदर्शनात त्या चित्रापुढे ही गर्दी! भावाने हौसेने रंगांबरोबर मलाही खाली टेबलावर मांडले होते. चित्रकला शिकणारी मुले ताईभोवती जमली. "ताई, केस काय खरे वाटतात हो! कुठला ब्रश?"

ताईने तोंड उघडले. माझा जीव टांगणीला लागला. एक वाक्य बोलायचे होते, फक्त एक. तिने भावाकडे पाहिले, चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, "नॅचरल हेअर."

मुलांनी पटापट माझे फोटो काढले.

पुढच्याच आठवड्यात त्यातली एक मुलगी नाचत घरी आली. "ताई, मिळाला बाई एकदाचा! दुकानातले संपलेच होते. सगळे तोच मागतायत म्हणे. दुकानदारानं मुद्दाम नवे बनवून घेतले."

ताईने तो कोरा ब्रश हातात घेतला. केसांवरून बोट फिरवले. मग परत देत म्हणाली, "धुतल्यावर ओला उभा ठेवू नकोस हं. केस गळतात."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला विकतच घेऊ नका. केस कुणाचे आहेत ते दुकानदाराला सगळ्यांदेखत विचारा. तो कां कू करू लागला, तर उत्तर तुम्हीच मोठ्याने सांगा. आमच्या ताईला ते सांगवले नाही, आणि त्या पोरीच्या ब्रशासाठी मुंगसे मेली.