अर्ध्या दराची खुर्ची

चष्मेवाल्याला भूक वेळेवर लागत नसे, सवलत दिसली की लागे. त्यामुळे त्याच्या दुकानाशेजारी रेस्टॉरंट उघडलं आणि दारावर पाटी लागली, तेव्हा त्याच्या पोटात एकदम कावळे ओरडू लागले. पाटीवर लिहिलं होतं, ‘घरून खुर्ची आणा, इथेच ठेवा, वर्षभर अर्ध्या दरात जेवा.’

झालं असं होतं की मालकीणबाईंनी सगळा पैसा स्वयंपाकघरात ओतला आणि बसायच्या सोयीपर्यंत पोचेतो हात रिकामे झाले. गल्लीने मात्र पाटी मनावर घेतली. कुणी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आणली, कुणी बंद पडलेल्या थिएटरातली जोडखुर्ची. लहान मुलाच्या उंच खुर्चीवर एक वकीलसाहेब निमूटपणे नूडल्स खात. मेन्यूचंही तेच. कशाचा कशाला मेळ नाही, पण चव अशी की तक्रार करायला तोंड मोकळं राहायचं नाही.

चष्मेवाल्याने घर धुंडाळलं. बाल्कनीच्या दाराशी सासऱ्यांची खुर्ची होती. सासरे सुतार. लग्नात त्यांनी ती स्वतःच्या हाताने करून लेकीला दिली होती. भक्कम, रुंद हातांची, पाठ जरा मागे कललेली. तिच्यावर कधी कुणी बसलेलं चष्मेवाल्याला आठवत नव्हतं. बायको बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात त्याने खुर्ची खांद्यावर टाकली.

“खुर्ची कुठंय?” बायकोने आल्या आल्या विचारलं.

“पॉलिशला दिलीय.”

आणि रोज दुपारी तो अर्ध्या दरात जेवू लागला. पोट भरलं की खोटंही पचतं. शिवाय बायकोजवळ फुशारकी मारायला तो विसरला नाही. मालकीणबाईंना चष्मा नीट करून दिला, म्हणून सूट मिळते, असं त्याने ठोकून दिलं.

मग सासऱ्यांचा फोन आला. सासूबाई गेल्यापासून ते फिरकले नव्हते. रविवारी येतो म्हणाले. बायको हरखून गेली. “पॉलिशवाल्याच्या मागे लागा,” ती म्हणाली, “बाबा आल्यावर पहिली ती खुर्ची बघतील.”

चष्मेवाला तडक मालकीणबाईंकडे गेला.

“माझी खुर्ची परत हवी होती.”

“सूट परत देता?”

“ती पोटात गेली की हो.”

“मग झालं तर,” मालकीणबाई म्हणाल्या आणि सुपात मीठ घालू लागल्या.

दुकानातलं गोल फिरतं स्टूल बदल्यात देतो म्हणाला, तर त्यावर सूप सांडतं म्हणाल्या. शेवटी तो थेट खुर्चीकडेच गेला. तिच्यात एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. त्या रोज तिथेच बसत.

“बाई, जरा उठता का?”

“जन्मभर वॉर्डात उभी राहिलेय मी. आता उठायचं नाव काढू नका.”

रविवारी सासरे आले. बाल्कनीच्या दाराशी थोडा वेळ उभे राहिले आणि सोफ्याच्या कडेवर बसले. खुर्ची पॉलिशला दिलीय, असं लेकीने सांगितलं. मग ती म्हणाली, “बाबा, आज बाहेरच जेवू. यांना अर्ध्या दरात मिळतं.”

चष्मेवाल्याने डोकं दुखतंय सांगून पाहिलं. चष्मा बदला, म्हणाली.

रेस्टॉरंटात शिरल्या शिरल्या तिची नजर नर्सबाईंच्या पाठीमागच्या लाकडावर गेली. ती नवऱ्याकडे वळली.

“पॉलिश छान झालंय,” ती म्हणाली.

चष्मेवाल्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं. सासऱ्यांचं लक्षच नव्हतं. ते नर्सबाईंपाशी गेले होते.

“पाठीला बरी पडते का?”

“या खुर्चीमुळे तर मी घराबाहेर पडते,” नर्सबाई म्हणाल्या. “का हो?”

“मी केलीय.”

नर्सबाई म्हणे उठणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या चटकन उठल्या. सासऱ्यांनी त्यांना हाताने परत बसवलं. मालकीणबाईंनी हे पाहिलं आणि जागच्या जागी निकाल दिला. सूट खुर्ची करणाऱ्याची. जावईबापूंनी आजपासून पूर्ण दर द्यायचा.

टेबलावर सूप आलं. लेक अजून धुमसत होती. “बाबा, तुम्ही यांना काही बोलत का नाही? तुमची खुर्ची विकून खाल्ली यांनी!”

“त्यांना काय बोलू?” सासरे म्हणाले. “तुमच्याकडे तिच्यावर ओले टॉवेल असायचे. मी आलो की उचलायचो, घटकाभर बसायचो, निघताना होते तसे ठेवून द्यायचो. इथे माणूस बसलंय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दोघांना सहन होईना. चष्मेवाल्याला आपण खुर्ची नेली त्याहून ती नेताना वर टॉवेल होते, ते आपण बाल्कनीच्या कठड्यावर टाकले, हे जास्त बोचलं. लेकीने चमचा खाली ठेवला.

“अजून एक करा, बाबा. आपल्या घरी. तुम्हाला बसायला. राहायलाच या.”

“आणि टॉवेल?”

“दोरी बांधू,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी सूप ढवळलं.

“आधी दोरी बांधा,” ते म्हणाले. “मग लाकूड बघतो.”